मबरूकाची चार मुलं

मंगळवारी सकाळी ट्युनिसच्या इस्पितळात वॉर्डातली कामं उरकून नर्स दलंदा डॉक्टर फैकांच्या खोलीत आली, तर त्यांनी तिला बस म्हटलं नाही की कॉफी पुढे केली नाही. संगणकाचा पडदा तेवढा तिच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "वाच. पूर्ण वाचल्याशिवाय रडायचं नाही."

पत्र ऑस्लोहून आलं होतं, तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख इंगव्हिल्डबाईंचं. चार ओळींचं. सातव्या घराण्यातला दोन नंबरचा माणूस आणि चार नंबरचा माणूस सख्खे भाऊ आहेत, असं तुमचा कागद म्हणतो. नव्या यंत्रावर जुने नमुने पुन्हा लावले, तर रक्त तसं म्हणत नाही. चार नंबर हा त्या आईचाही मुलगा नाही. नळ्यांची अदलाबदल झालेली दिसते. कमिटी बसायच्या आत खुलासा करावा.

दलंदाने दोनदा वाचलं. सातवं घराणं म्हणजे हंशीर रोमाना गावचं. दोन नंबर लझहर, चार नंबर त्याचा भाऊ खमैस. त्या दोघांचं रक्त बारा वर्षांपूर्वी तिनेच काढलं होतं, त्यांच्याच ओसरीवर बसून, आणि नळ्यांवरच्या चिठ्ठ्या तिने स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या.

"डॉक्टर, मी बिस्मिल्लाह म्हटल्याशिवाय एकही चिठ्ठी चिकटवत नाही," ती हळूच म्हणाली.

"माझा आहे गं विश्वास. पण कमिटीला माझा विश्वास चालत नाही, कागद लागतो." फैकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "एक नळी चुकली म्हणतात, मग दुसरी कशावरून नाही? शहाऐंशी घराणी आहेत आपली. बारा वर्षं! पुढच्या बुधवारी चार देशांची माणसं पडद्यावर येऊन बसणार, पैसा चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवायला. आणि आपल्या अर्थमंत्रालयाचे ते गृहस्थ आधीपासूनच टपलेत. मागच्या खेपेला काय म्हणाले आठवतं ना? इस्पितळात सलाइनच्या बाटल्या पुरत नाहीत आणि तुम्हाला जनुकं कसली मोजायचीत?"

दलंदाला आठवत होतं. तिला हेही ठाऊक होतं की ते गृहस्थ अगदीच खोटं बोलत नव्हते. परवाच तिने स्वतः तीन वॉर्ड हिंडून एक बाटली पैदा केली होती. पण तिने अशीही घरं पाहिली होती, जिथे आजीचा हात थरथरला, मग मुलाचा, मग नातीचा, आणि लोक कंपवाताला घरचा पाहुणा म्हणायला शिकले. या रोगाची मुळं तिच्या देशातल्या आणि मोरोक्कोतल्या घराण्यांत जेवढी स्पष्ट दिसत, तेवढी थोड्याच ठिकाणी दिसत. यंत्रं नॉर्वेकडे होती, औषधांची माहितगार माणसं पोर्तुगालकडे. कुणा एकाच्या खिशाला हे झेपणारं नव्हतं. म्हणून चार सरकारांनी आपापल्या लोकांच्या करातून थोडं थोडं काढलं होतं. हे सगळं जर तिच्या हातच्या एका चिठ्ठीपायी मोडलं असतं, तर तिला कुठल्या नमाजात तोंड वर करता आलं असतं?

"मी गुरुवारी जाते," ती म्हणाली. "दोघांचं रक्त नव्याने घेऊन येते."

"गुरुवारी तुझा रोजा असतो."

"रोज्याला प्रवासाचं वावडं नाही, डॉक्टर."

गुरुवारी लुआज या सामायिक भाड्याच्या गाडीत आठ माणसं आणि एक कोंबड्यांची पाटी होती. अडीच तासांनी ती गावाच्या फाट्यावर उतरली आणि चढण चढून गेली. जैतुनाची तोडणी चालू होती. झाडांखाली जाळी अंथरलेली, शिड्यांवर बायाबापड्या चढलेल्या, बोटांत बोकडाच्या शिंगांची टोपणं घालून फांद्या ओरबाडत होत्या. टपटप टपटप आवाज सगळ्या उतारावरून येत होता.

लझहर अंगणात उन्हात बसला होता. त्याचा उजवा हात मांडीवर आपला आपण दाणे मोजल्यासारखा चालला होता. त्याची बायको सालहा तबूना भट्टीतून रोट्या काढत होती.

"आली बघा आपली रक्तपिपासू!" लझहर ओरडला. बोलणं जड झालं होतं, पण चेष्टा शाबूत होती. "बारा वर्षांपूर्वी नेलंस ते संपलं वाटतं?"

"संपलं, सी लझहर. तुमचं रक्त फार चविष्ट होतं." मोठ्या माणसाला ती आदराने सी म्हणे.

"घे बाई, घे. पण नळी घट्ट धर. माझं रक्तसुद्धा हलत असेल आता."

सालहाने कॉफी आणली, वर नारंगीच्या फुलांचं पाणी शिंपडलेली. दलंदाने छातीवर हात ठेवून मान हलवली.

"गुरुवार ना? कळलं," सालहा म्हणाली. "स्वर्गात पहिली खुर्ची हिचीच. आम्ही मेलो तर दाराशी उभे राहू आणि सांगू, आम्ही हिला कॉफी देत होतो, हीच घेत नव्हती."

नव्या नियमाप्रमाणे रक्त घेण्याआधी ओळखपत्र पाहून नाव उतरवायचं होतं. मागच्या वेळी ते झालं नव्हतं. तेव्हा नावं उतरवताना पुरुष अजून शेतातून आले नव्हते, कार्डं कुठल्याशा पेटीत होती, आणि म्हातारी मबरूका, लझहरची आई, खाटेवर बसून सगळं सांगत होती. तिचाही हात तेव्हा चांगलाच थरथरत असे. आता तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. सालहाने दोन्ही कार्डं आणून दिली. दलंदाने पेन उघडलं आणि तिचा हात थांबला.

लझहर, बाप सालह याचा मुलगा. जन्म तीन फेब्रुवारी. खमैस, अमोरचा मुलगा. जन्म एकोणतीस मार्च. वर्ष तेच. आडनावही तेच, पण अर्ध्या गावाचं आडनाव तेच होतं.

दोन महिन्यांच्या अंतराने एका आईला दोन मुलं होत नाहीत.

दलंदाच्या कानांत एकदम म्हातारीचा आवाज घुमला. तिने विचारलं होतं, मुलं किती? आणि मबरूकाने थरथरणारी चार बोटं वर केली होती. माझी चार. दोन मुलगे, दोन मुली. दलंदाने चार रेघा ओढल्या होत्या.

"सालहा," तिने सावकाश विचारलं, "सी खमैसला कुणी जन्म दिला?"

"त्याच्या आईने," सालहा म्हणाली. "वरच्या आळीतली जन्नात. बाळंतपणातच गेली बिचारी. मबरूकासासूबाईंचा लझहर अंगावर पीत होता, त्यांनी यालाही दुसऱ्या अंगाला घेतलं. मग बाप परदेशी गेला तो गेलाच. का? साऱ्या गावाला ठाऊक आहे. तुला ठाऊक नव्हतं?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"अगं, तू विचारलंस कुठे?"

दलंदा भट्टीजवळच्या दगडावर बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही. कारण ती काही परकी नव्हती. तिच्या स्वतःच्या आईने शेजारच्या मुनीराच्या मुलाला दूध पाजलं होतं. तो दलंदाचा भाऊ. ईदला घरी येतो, त्याच्यासमोर ती डोक्यावर ओढणी घेत नाही, त्याच्याशी तिचं लग्न कधी लागूच शकलं नसतं. कुणी तिला विचारलं असतं, भाऊ किती, तर तिने त्याला धरूनच आकडा सांगितला असता. आणि त्याने कुणाच्या पोटी जन्म घेतला हे सांगायचं तिच्या डोक्यातही आलं नसतं. प्रश्नांचा कागद ऑस्लोत छापला होता. त्यात आई म्हणजे काय, हे कुणाला विचारायची गरजच वाटली नव्हती.

नळ्यांची अदलाबदल झालेली नव्हती. अलहमदुलिल्लाह. पण हे तिचं एकटीचं म्हणणं होतं. कमिटीला कागद लागणार होता, खमैसच्या सहीचा.

खमैस दुपारी जेवायला आला. आल्याबरोबर त्याने आधी लझहरच्या कोटाची बटणं लावली, त्याच्या तोंडाजवळ पाण्याचा पेला धरला, मग स्वतः हात धुतले. रक्त त्याने एका शब्दाने न विचारता दिलं. दलंदाने मग कागद पुढे ठेवला आणि जेवढं जमेल तेवढं हळुवारपणे सांगितलं.

त्याचा चेहरा आवळत गेला.

"म्हणजे मी लिहून द्यायचं की मबरूका माझी आई नाही?"

"तिने तुम्हाला जन्म दिला नाही, एवढंच, सी खमैस."

"एकच झालं! तिचा जनाजा मी खांद्यावर नेला. कबरीत उतरून तिला मी ठेवली. लझहरचे हात तेव्हाच गेले होते. आणि आता मी नॉर्वेच्या लोकांना लिहून देऊ की ती माझी कुणी नव्हती? तिकडे दूध पीत नाहीत का पोरं?"

"पितात हो. पण तिथे असं नातं नसतं."

"मग त्यांचं दुर्दैव. माझ्या मुलीचं नाव मबरूका ठेवलंय मी. नाही देणार सही. रक्त हवं तेवढं ने."

तो उठून अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला. लझहर आपल्या जागेवरून म्हणाला, "लहानपणापासून असाच. रुसला की भिंतीकडे तोंड."

"तू गप रे!"

दलंदाला कळेना काय करावं. या माणसाच्या सहीवर शहाऐंशी घराणी अडली होती, पण सही मागायला गेलं तर त्याची आई हिरावून घेतल्यासारखं होत होतं. ती उठून त्याच्याजवळ गेली, थोडं अंतर राखून उभी राहिली.

"सी खमैस, एक विचारू? त्या वेळी मी विचारलं होतं, या आजारी आईची मुलं कोण. तुम्ही स्वतः पुढे आलात. तुम्हाला ठाऊक होतं की तुम्ही जन्नातचे. मग का आलात?"

त्याने तिच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "का म्हणजे? तिच्या दुधाने माझी हाडं झाली. तिच्यात जे होतं ते माझ्यात उतरणारच की." त्याने उजवा हात पुढे धरला, पालथा, बोटं पसरून. जैतुनाच्या तेलाने काळी पडलेली बोटं स्थिर होती. "वीस वर्षं झाली. रोज पहाटे फज्रची नमाज झाली की असा हात धरून बघतो. आज नाही, म्हणतो. उद्या असेल. बायकोलाही माहीत नाही."

दलंदाने त्या पसरलेल्या बोटांकडे पाहिलं. कुणाच्या रक्तात काय निघालं ते सांगायची तिला परवानगी नव्हती, आणि ती सांगणारही नव्हती. पण जे पुस्तकात छापलेलं आहे, ते सांगायला कुणाची बंदी नव्हती.

"हा घराण्यातून येणारा कंपवात दुधातून येत नाही, सी खमैस," ती म्हणाली. "जन्माच्याही आधी, बीजातून येतो. दुधाने हाडं होतात, माया होते. हा आजार होत नाही."

त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. हात तसाच पुढे धरलेला होता. तो खाली घ्यायचं त्याला सुचलं नसावं.

"तुला खात्री आहे?"

"हे चार देशांच्या डॉक्टरांना माहीत आहे. मी विचारलं असतं ना, तर बारा वर्षांपूर्वीच तुम्हाला सांगता आलं असतं. माझी चूक आहे ती."

मागून लझहर म्हणाला, "ऐकलंस का? दूधभावाला वारसा मिळत नाही, हे काझीने तेव्हाच सांगितलं होतं. तू आईच्या जमिनीचा बांधसुद्धा घेतला नाहीस. आता हाही वारसा माझ्या एकट्याच्याच वाट्याला आला म्हण!"

तो हसत होता. खमैस मात्र वळला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सगळं अर्धं अर्धं खाल्लं आपण," तो म्हणाला. "आणि हे तू एकट्याने घेतलंस, हावऱ्या."

"माझ्या वाट्याची बटणं लाव म्हणजे झालं."

खमैस चटईवर येऊन बसला. सालहाने त्याच्यासमोर कॉफी ठेवली. त्याने पेला दलंदाकडे सरकवला. "पी. माझ्या आईच्या घरात जी बाई पाणी पीत नाही, तिच्या कागदावर मी हात ठेवणार नाही."

सालहा म्हणाली, "अरे, रोजा आहे तिचा."

दलंदाने क्षणभर डोळे मिटले. हा रोजा तिचा स्वतःचा होता, कुणी सांगितलेला नाही. यजमानाच्या मनासाठी तो सोडला तर चालतो, पुढे भरून काढता येतो, हे तिला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. तरी गेल्या सहा वर्षांत एकही गुरुवार तिने मोडला नव्हता. तिने पेला उचलला आणि प्यायली.

"आता तुम्ही सांगा, मी लिहिते," ती म्हणाली. "नाही हा शब्द कागदावर येणार नाही."

खमैसने गळा साफ केला आणि कोर्टात उभा असल्यासारखा सांगू लागला. "मी खमैस, अमोरचा मुलगा. जन्नातने मला जन्म दिला. मबरूकाने मला दूध दिलं, लझहरबरोबर, दोन वर्षं. ती माझी आई आणि तो माझा भाऊ. हे अल्लाह जाणतो आणि गाव जाणतं." मग थांबून म्हणाला, "यात काही कमी-जास्त करू नकोस."

"नाही करत."

सोमवारी ट्युनिसच्या प्रयोगशाळेने दोन्ही ताजे नमुने तपासले. निकाल बारा वर्षांपूर्वीच्या नळ्यांशी तंतोतंत जुळला. चिठ्ठ्या बरोबर होत्या.

बुधवारी पडद्यावर चार चौकोन उघडले. पोर्तुगालच्या अध्यक्षबाई, ऑस्लोच्या इंगव्हिल्डबाई, मोरोक्कोतल्या फेझ शहरचे एक जाडसर डॉक्टर, आणि चौथ्या चौकोनात फैका, दलंदा आणि अर्थमंत्रालयाचे गृहस्थ, हातात पेन्सिल घेऊन. फैकांनी निकाल मांडला आणि खमैसचा कागद भाषांतर करून वाचला.

इंगव्हिल्डबाई गोंधळल्या. "पण त्यांनी तर अर्जात आई म्हणून लिहिलं होतं. हे खोटं नाही का?"

फैका उत्तर द्यायला निघाल्या, पण थांबून त्यांनी दलंदाला कोपराने ढोसलं. दलंदा अशा ठिकाणी कधी बोलली नव्हती. तिने हात मांडीवर घट्ट धरले.

"खोटं नाही, बाई," ती म्हणाली. "तुमच्या कागदाने विचारलं, आई कोण. त्या घराने खरं सांगितलं. दूध कुणाचं प्यायलात, हे कागदाने विचारलं नाही, आणि मीही नाही. आमच्याकडे हे विचारावं लागत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. चूक माझी आहे. नळी मात्र चुकलेली नाही."

तेवढ्यात फेझच्या डॉक्टरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "या अल्लाह! आमच्याकडे अशा अकरा जोड्या आहेत. नमुने बिघडले म्हणून आम्ही त्या बाजूला काढून ठेवल्या!"

"टाकून दिल्या?" इंगव्हिल्डबाई खुर्चीतून पुढे झुकल्या.

"नाही, नाही. बर्फात आहेत."

"त्यांना हात लावू नका!" त्यांचा आवाज पार बदलला होता. "तुम्हाला कळतंय का? एकच घर, एकाच विहिरीचं पाणी, तेच शेत, तीच फवारणी, तीच रोटी, आणि रक्त वेगळं. काय रक्तातून येतं आणि काय जगण्यातून, हे वेगळं काढायला अशी माणसं आम्ही वर्षानुवर्षं शोधतोय. आमच्याकडे ती मिळत नाहीत. आणि तुमच्याकडे ती ओसरीवर बसलेली आहेत!"

मंत्रालयाच्या गृहस्थांनी पेन्सिल खाली ठेवली. सगळ्यांना वाटलं, आता हे सलाइनवर येणार. "म्हणजे ही सगळी घरं पुन्हा हिंडावी लागणार," ते म्हणाले. "एक प्रश्न विचारायला."

"हो साहेब," दलंदा म्हणाली.

"माझाही एक दूधभाऊ आहे," ते खाली बघत म्हणाले. "नोकरीच्या अर्जावर मी त्याला भाऊ म्हणून लिहिलं होतं. साहेबाने बोलावून घेतलं, म्हणाला, तुमच्या वडिलांच्या दाखल्यात हा कुठे आहे? नोकरी जाता जाता राहिली." मग सरळ बसून म्हणाले, "प्रवासाचा खर्च आमचं सरकार करेल. पण सलाइनचं मी विसरलेलो नाही, डॉक्टर."

"विसरूच नका," फैका म्हणाल्या. "दोन्ही मागायला येणार आहे मी."

पाच वर्षं मागितली होती, तीन मिळाली. सहा महिन्यांच्या आत शहाऐंशी घरांत नवा प्रश्न विचारून यायची अट पडली, आणि चारही देशांच्या अर्जात एक नवी ओळ आली: दूध कुणाचं प्यायलात? फैकांनी दार लावून घेतलं आणि दलंदाला मिठी मारली.

संध्याकाळी दलंदाने हंशीर रोमानाला फोन लावला. खमैसनेच उचलला. मागे तेलाच्या घाण्याची घरघर ऐकू येत होती.

"काढलं ना मला त्या घराण्याच्या झाडावरून?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"नाही काढलं, सी खमैस. तुमची रेघ वेगळी ओढलीय, तुटक तुटक. पण मबरूकाच्याच नावाखाली. आणि ऑस्लोच्या बाई म्हणतात, तुमच्यासारखा माणूस त्यांना हवाच आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त लागेल."

तो घाण्यापासून बाजूला गेला असावा, घरघर कमी झाली. "याचा लझहरला उपयोग होईल?"

दलंदाला खोटं बोलता येत नसे. "त्याला कदाचित नाही. औषध यायला वेळ लागतो. त्याच्या नातवंडांच्या वेळेपर्यंत येईल, इन्शाअल्लाह. मला तशी फार आशा आहे."

"त्याची नातवंडं माझ्याच अंगाखांद्यावर आहेत," खमैस म्हणाला. "मग ये. रविवारी ये, गुरुवारी नको, म्हणजे नीट जेवशील." आणि घाण्यावर कुणीतरी त्याच्या नावाने ओरडलं, तसा तो घाईघाईने म्हणाला, "आमची पाळी आली बघ. लझहरला हात धरून न्यायचाय, पहिलं तेल त्यानेच चाखायचं असतं. ठेवतो."